अगोदर मागं जागा कर

आमच्या घरात कुणी गप्प बसून बुद्धिबळ खेळल्याचं मला आठवत नाही. बाबा हा खेळ शिकले जबलपूरच्या तोफांच्या फॅक्टरीत, जेवणाच्या सुट्टीत, आणि तिथली रीतच वेगळी होती. पटावर बसायचे दोघं आणि खेळायचे दहाजण. डबा खाता खाता मागचे लोक चाली सुचवायचे. एक म्हणायचा घोडा काढ, दुसरा म्हणायचा येडा झाला का, वजीर अडकेल. मग पटावर बसलेल्याने शेवटी कुणाचं ऐकलं यावरून भोंगा होईपर्यंत वाद. यात कुणाला लबाडी वाटत नसे. मागून बोलणारा नसेल तर खेळाला चवच नाही, असं बाबांचं मत होतं. रविवारी हीच मंडळी आमच्या क्वार्टरच्या व्हरांड्यात जमायची, आई आतून चहा पाठवायची आणि कपबशा परत नेताना तीही उभ्या उभ्या पटाकडे नजर टाकून एखादी चाल सांगून जायची. पुष्कळदा तीच बरोबर असायची. बाबा मग म्हणायचे, "हे बघा, चूल सांभाळून खेळून राहिली!" आणि सगळे हसायचे.

बाबा तपासणी विभागात होते. दिवसभर हातात गेज घेऊन सुट्या भागांची मापं बघायची, बसलं तर पास, नाही बसलं तर परत. ही सवय ते घरीही आणत. पोळी उचलून कड बघत, माझ्या वहीतल्या समासाच्या रेघा बघत, दाराची कडी सैल झाली आहे का बघत. माझ्यात त्यांना दिसणारा मोठा दोष म्हणजे मी एका जागी बसत नसे. पायाला भिंगरी लागली आहे, हे आईचं वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की तिचा आवाज आठवला तरी आधी तेच कानात येतं. जेवताना उठायची, अभ्यास करताना उठायची, पटावर चाल केली की लगेच उठून अंगणात एक चक्कर मारून यायची. आमच्या भागात शांतता नावाची वस्तू नव्हतीच म्हणा. सकाळी भोंगा, मग सायकलींच्या घंट्या, मग दूर मैदानावर तोफांच्या चाचणीचे बार. बार झाला की खिडकीच्या काचा थरथरायच्या, मांडणीवरची भांडी किणकिणायची आणि पटावरची प्यादी जागच्या जागी हलायची. पाहुणे दचकायचे. आम्ही नुसती प्यादी सरळ करायचो आणि पुढची चाल करायचो.

खाणं मात्र शांतपणे व्हायचं, कारण आईच्या हाताला चव होती. ती वर्ध्याची. हिवाळ्यात जवळच्या पनागर गावचा मटार आला की घरात मटाराशिवाय काही शिजत नसे. मटाराची उसळ, मटार घातलेले पोहे, मटाराचा झुणकासुद्धा, जो तिने स्वतःच काढलेला प्रकार होता आणि माझ्या मावश्यांना अजिबात मान्य नव्हता. रविवारी बाबा खव्याची जिलबी आणायचे, काळपट, जाड, पाकाने जड झालेली. आता मी पुण्यात राहते. इथे मी त्या जिलबीचं वर्णन केलं की लोक गुलाबजाम म्हणता का, असं विचारतात. माझ्या मराठीलाही हसतात. "जाऊन राहिले" म्हटलं की माझ्याकडे बुद्धिबळ शिकायला येणारी मुलं एकमेकांकडे बघतात. मी त्यांना हसू देते. मुलांना हसायला काहीतरी हवंच असतं.

त्या मराठीबद्दल मात्र जरा सविस्तर लिहायला हवं. जबलपुरात ती आमची घरची भाषा होती. दाराबाहेर पाय टाकला की हिंदी. शाळेत, फॅक्टरीत, दवाखान्यात, शेजारीपाजारी. त्यामुळे आम्हाला एक फार सोयीचा लाभ झाला होता. चारचौघांत आम्हाला एकमेकांशी काही गुपचूप बोलायचं असलं तर आवाज खाली करावा लागत नसे, नुसती भाषा बदलली की झालं. ओमतीच्या बाजारात आई दुकानदारासमोर उभी राहून बाबांना मोठ्याने सांगायची, "अवो, कापड विटकं आहे, चला उठा," आणि लगेच दुकानदाराला गोड हसून, "भैया, कल आते हैं." दोघांनाही यात काही वावगं वाटत नसे. मी तर त्याच हवेत वाढले. मराठीत जे बोललं जातं ते आपल्या तिघांतच राहतं, अशी माझी पक्की समजूत होती.

मी खेळायला लागले ती व्हरांड्यातल्या मंडळींना हरवून, आणि मग बाबांनी मला शहरातल्या स्पर्धांना न्यायला सुरुवात केली. तिथली शांतता आम्हा दोघांनाही सोसत नसे. तिथे दोरी बांधलेली असायची. दोरीच्या आत खेळणारे, बाहेर बघणारे, आणि बाहेरच्यांनी ब्र काढायचा नाही. बाबा दोरीला धरून उभे राहत. माझी चाल चुकली की त्यांच्या तोंडून 'च्' निघे आणि मुख्य पंच तिवारीजी चष्म्यावरून त्यांच्याकडे बघत. दोनतीनदा त्यांनी हात जोडून सांगितलंही, "बाबूजी, यहाँ नहीं." बाबा मग तोंडात सुपारी धरून ठेवत. मी आत अस्वस्थ, ते बाहेर अस्वस्थ. मी चाल करून उठायची, टेबलांच्या मधून फिरायची, आणि फिरता फिरता दोरीजवळ आले की त्यांच्या चेहऱ्यावरून माझं बरं चाललं आहे की वाईट हे मला कळायचं. ही मदतच होती, पण ते तेव्हा माझ्या डोक्यातही आलं नाही.

मग ती निवड स्पर्धा आली. राज्याच्या संघात एक जागा रिकामी होती आणि ती भरायची स्पर्धा आमच्याच गावात, ओमतीजवळच्या एका शाळेच्या सभागृहात होती. मी अकरावीत होते. बाबांनी आधीच सांगून टाकलं होतं, "नाव आलं तर खेळ, मी काही म्हणणार नाही. नाही आलं तर पट वर ठेवायचा अन् पॉलिटेक्निकचा फॉर्म भरायचा." ते बोलले म्हणजे तसंच होणार. त्यांच्या गेजमध्ये 'बघू' अशी खूण केलेलं माप नव्हतं. त्यामुळे शेवटच्या फेरीपर्यंत मी पोचले तेव्हा माझ्यासाठी प्रश्न अगदी सरळ होता. जिंकले तर बुद्धिबळ राहील. बरोबरी झाली किंवा हरले तर जाईल.

समोर होते श्रीवास्तवजी. रेल्वेच्या पार्सल ऑफिसात नोकरी, कांचघरला घर, पन्नाशीचा बारीक माणूस, गळ्याला कायम रुमाल. गावात पट कसा मांडायचा हे ज्यांना येत होतं त्यातल्या निम्म्यांना त्यांनीच शिकवलं होतं. दरवर्षी ते राज्य संघाच्या दाराशी जायचे आणि अर्ध्या गुणाने परत यायचे. लोक याची चेष्टाही करायचे, त्यांच्यासमोर. त्या दिवशी त्यांना बरोबरी पुरत होती. सुरुवातीला त्यांनी माझ्याशी हात मिळवला आणि म्हणाले, "आराम से खेलना बिटिया." माझ्याकडून आरामात काही होत नसे.

डाव रंगला. मी पांढरी होते. तीन तासांनी त्यांचा एक घोडा पटाच्या कडेला अडकला. त्याला परतीची वाट नव्हती आणि माझा हत्ती त्याच्यावर नेम धरून होता. मला तो घोडा दिसला आणि माझे कान गरम झाले. घोडा मिळाला की डाव माझा, डाव माझा की जागा माझी, जागा माझी की पट कपाटावर जाणार नाही. इतकं सगळं एका उडीत माझ्या डोक्यात झालं. मी खुर्चीतून अर्धी उठले, हात पुढे केला. बोटं हत्तीपासून वीतभर दूर असतील.

"बेबी, घाई काहून करून राहिली? अगोदर मागं जागा मोकळी कर, मंग घे."

बाबा. दोरीच्या बाहेरून, फार मोठ्याने नाही, व्हरांड्यात बोलतात तसे. माझा हात हवेतच थांबला. सभागृहात दहाबारा डोकी वळली. तिवारीजी खुर्ची सरकवून उठले. "क्या कह रहे हैं आप? किससे कह रहे हैं?"

बाबांनी सुपारी गालात सरकवली. "कुछ नहीं जी. घर की बात है. पूछ रहा था, डिब्बा खाया कि नहीं."

"बाद में पूछिए."

"हओ, हओ. माफ कीजिए."

तिवारीजी बसले. मी हात मागे घेतला आणि पटाकडे पाहिलं, आणि मग मला दिसलं. माझा राजा आपल्याच तीन प्याद्यांच्या मागे कोंडलेला होता. ती खालची ओळ एकटा हत्ती राखत होता. तो हत्ती घोडा घ्यायला गेला असता तर श्रीवास्तवजींचा वजीर सरळ खाली उतरला असता आणि माझ्या राजाला हलायला एक घर नव्हतं. एका चालीत मात. घोडा तर कुठे पळणार नव्हता, पुढच्या चालीलाही तो तिथेच मिळणार होता. मी कडेचं प्यादं एक घर पुढे केलं, घड्याळाचं बटण दाबलं आणि बसून राहिले. त्या दिवशी त्यानंतर मी एकदाही उठले नाही. श्रीवास्तवजी कितीतरी वेळ माझ्या प्याद्याकडे बघत होते. त्यांनी एकदा तिवारीजींच्या दिशेने मान वळवली, तोंड उघडलं, मग पुन्हा पटाकडे पाहिलं. पुढे वीसएक चाली झाल्या. घोडा गेल्यावर त्यांच्याकडे खेळण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्यांनी राजा आडवा केला आणि कागदावर सही केली.

बाहेर सायकल स्टँडवर बाबा कुणाकुणाचे हात हातात घेत होते. इतके खूश मी त्यांना क्वचित पाहिलं आहे. श्रीवास्तवजी आपली सायकल काढत होते. कुलूप उघडून त्यांनी किल्ली खिशात टाकली, गळ्याचा रुमाल नीट केला आणि माझ्याकडे वळून अगदी स्वच्छ, आमच्या नागपूरकडच्या मराठीत विचारलं, "काय बाई, खाल्ला का डबा?"

बाबांचा हात सायकलच्या हँडलवर होता, तो तिथेच राहिला. श्रीवास्तवजी दोघांना नमस्कार करून निघून गेले. आम्ही घरी येईपर्यंत, म्हणजे सगळा ओमतीचा बाजार आणि पुढचा लांब रस्ता, बाबा जोराने पायडल मारत राहिले. जिलबी घ्यायलाही थांबले नाहीत.

आईला मी सांगितलं. ती मटार निवडत होती, ते ताट तिने बाजूला सारलं. "अवो, हे खरं आहे?" बाबा म्हणाले, "तिनं थोडीच विचारलं मला? तोंडातून निघालं." आई म्हणाली, "फॅक्टरीत केसाएवढा फरक असला तं माल परत पाठवता तुम्ही. अन् इथं?" बाबा म्हणाले, "तिला दिसलंच असतं. दोन मिनिटांत दिसलं असतं." आणि आई माझ्याकडे वळून म्हणाली, "दिसलं असतं का गं?"

हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मागे आहे. हल्ली फोनवर कुठलाही डाव मांडला की यंत्र क्षणात सांगतं, इथे चूक, इथे बरोबर. मी तो डावही मांडून पाहिला आहे, एकदा सोडून अनेकदा. यंत्र सांगतं की कडेचं प्यादं हीच चाल. पण मला ती दिसली असती का, हे कुठलं यंत्र सांगणार? मी त्या दिवशी आईला म्हटलं, "माहीत नाही." हात पुढे गेला होता हे मी तिला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी शाळा बुडवून मी सायकलने कांचघरला गेले. विचारत विचारत घर सापडलं. दोन खोल्या, पुढे ओटा, आणि ओट्यावर नवरा-बायको. काकूंनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "हीच का ती?" त्यांनी नवऱ्याला विचारलं, मराठीत. त्या नागपूरच्या होत्या. श्रीवास्तवजींची पहिली नेमणूक तिथली, लग्न तिथलं, आणि नंतरचा सगळा भांडणतंटा मराठीतच, हे मला त्या पाच मिनिटांत कळलं. श्रीवास्तवजी आत गेले, पट घेऊन आले आणि कालचा डाव तिथपर्यंत मांडला, एकही सोंगटी न चुकता.

"घे," ते म्हणाले. "काल हात गेला होता ना? आज घे."

मी हत्तीने घोडा घेतला. त्यांनी वजीर उचलला आणि खाली आणून ठेवला. मात. ते क्षणभर पटाकडे बघत राहिले आणि मग त्यांनी श्वास सोडला. "दिसलं मला. कालपासून हाच विचार करून राहिलो होतो, तिनं घेतलं असतं तं आपल्याला दिसलं असतं का."

"मग तुम्ही तिथंच काहून नाही बोललात?" मी विचारलं. माझा आवाज चिडका लागला, आणि मी खरोखर चिडलेच होते. ते बोलले असते तर सगळं त्यांनीच मिटवून टाकलं असतं, मला काही करावं लागलं नसतं.

"तिवारीनं विचारलं असतं, काय बोलले ते. मंग तुझ्या बापाचं बोलणं भर सभेत हिंदीत करून सांगा लागलं असतं मला. सांगणार होतो. तोंड पण उघडलं. पण तुझे पाय टेबलाखाली इतके हलून राहिले होते का सगळा पट थरथरत होता. नाही जमलं."

"मी असती तं सांगितलं असतं," काकू मध्येच म्हणाल्या. "दर साली बॅग काढून ठेवते मी यांची. दर साली पुन्हा वर टाकते." त्या उठल्या आणि आत गेल्या. थोड्या वेळाने चहा घेऊन आल्या, मला पुढ्यात दिला, पण माझ्याकडे पाहिलं नाही.

"मी तिवारीजींना सांगते," मी म्हटलं. "जागा तुमची आहे."

श्रीवास्तवजी सोंगट्या डब्यात भरत होते. "सांगायचं तं खरं आहे म्हणून सांग. मला द्यायची म्हणून सांगू नको. दया नाही पाहिजे मला." मी हो म्हटलं. त्या वेळी मला खात्री होती की मी सांगणार.

मंगळवारी तिवारीजींनी आम्हाला बोलावलं होतं. ओमतीला एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर त्यांची बसण्याची खोली होती. बाबांनी अर्ध्या दिवसाची रजा घेतली होती. सायकलवर मागे बसून मी त्यांना कांचघरचं सगळं सांगितलं. ते पायडल मारत ऐकत होते. मग म्हणाले, "तू सांगशील का मी सांगू?" मी म्हटलं, "तुम्ही." ते म्हणाले, "बरं." जिना चढताना त्यांनी शर्टाची वरची गुंडी लावली.

तिवारीजी आम्हाला बघून उठूनच उभे राहिले. "आइए, आइए. बिटिया ने तो जबलपुर का नाम ऊँचा कर दिया." पेढे आले. खोलीत आणखी दोघंतिघं बसली होती, त्यांनी टाळ्या वाजवल्या. तिवारीजींनी एक फॉर्म पुढे सरकवला. खेळाडूची सही, खाली पालकाची सही. मी लहान होते म्हणून पालकाची लागत होती. "पहले आप कर दीजिए बाबूजी," ते म्हणाले आणि स्वतःचा पेन टोपण काढून बाबांच्या हातात दिला.

बाबांनी पेन घेतला. फॉर्म वाचला, वरपासून खालपर्यंत, मापं वाचतात तसा. मी त्यांच्या शेजारी उभी होते आणि आता ते बोलतील म्हणून थांबले होते. कुठूनतरी लांबून बारचा आवाज आला, कपाटाची काच वाजली. बाबांनी वर पाहिलं, तिवारीजींकडे नाही, माझ्याकडे. आणि हळूच, मराठीत, मला विचारलं, "काय करू?"

त्या माणसाने आयुष्यात मला कधी काही विचारलं नव्हतं. नेहमी सांगितलं होतं. त्यांनी ज्या तोंडाने डब्याचं खोटं सांगितलं त्याच तोंडाने खरं सांगायची त्यांची तयारी होती, हे मला दिसत होतं. माझ्या एका शब्दाची वाट होती. आणि मला जायचं होतं. आज इतक्या वर्षांनी हे सरळ लिहिते. माझ्या मनात न्याय, अन्याय, श्रीवास्तवजी, काकूंची बॅग, सगळं होतं, पण या सगळ्याच्या वर, मला जायचं होतं. पेढ्याचा तुकडा माझ्या तोंडात होता. तो गिळून मी म्हटलं, "करून टाका, बाबा."

त्यांनी सही केली. तिवारीजींनी प्रेमाने विचारलं, "क्या कह रही है बिटिया?" मी म्हटलं, "कुछ नहीं जी." मग मीही सही केली.

घरी आईने दोघांच्या तोंडाकडे पाहिलं आणि तिने ओळखलं. दोनतीन दिवस ती जेवायला वाढून लगेच आत जायची. संघाबरोबर निघायच्या दिवशी तिने मला सांभारवडीचा, म्हणजे कोथिंबिरीच्या वड्यांचा, डबा दिला आणि डोक्यावरून हात फिरवला, म्हणजे राग गेला होता असं नाही, पोरगी गावाला जात होती म्हणून. बाबा स्टेशनवर आले. फलाटावर संघातली बाकीची मंडळी उभी होती, त्यांच्यासमोर ते मला म्हणाले, "अच्छे से खेलना. वहाँ ठंड है, स्वेटर पहन लेना." मोठ्याने, एकेक शब्द स्पष्ट. मला वाटलं, बाकीच्यांसमोर संकोच वाटला असेल. मी मराठीत काहीतरी उत्तर दिलं. त्यावर त्यांनी पुन्हा हिंदीतच सांगितलं, "पहुँच के चिट्ठी लिखना."

तिथे मी बरी खेळले. पुढे आणखी बरी खेळले. एकदा दार उघडल्यावर पुढची दारं उघडत गेली, त्यांचा हिशेब इथे मांडत नाही. खेळताना माझी उठायची सवय गेली. मी पाच-पाच तास खुर्चीला चिकटून बसायला लागले. वर्तमानपत्रांत लोकांनी माझ्या शांत बैठकीबद्दल लिहिलं. मला ते वाचून हसू येतं. मी बसून राहायची ती कुणाचा चेहरा दिसू नये म्हणून. आतून माझं चित्त एक क्षण ठिकाणावर नसे. प्रत्येक मोठ्या चालीआधी मी खालची ओळ बघते, आणि प्रत्येक वेळी ती मला आपण होऊन दिसली की बाबांमुळे, हे मनात येऊन जातं. श्रीवास्तवजी पुढच्या वर्षी पुन्हा खेळले आणि पुन्हा अर्ध्या गुणाने राहिले. त्यानंतर त्यांनी खेळणं सोडलं. रस्त्यात दिसले तर ओळख दाखवायचे, थांबायचे नाहीत. मी त्यांची माफी मागायला दोनदा कांचघरपर्यंत गेले आणि दोन्ही वेळा चौकातूनच सायकल वळवली. ते गेल्याचं मला फार उशिरा कळलं.

बाबा घरात माझ्याशी मराठीतच बोलायचे, पूर्वीसारखे, भाजीवरून, शेजाऱ्यांवरून, आईच्या गुडघ्यांवरून. पण ते स्पर्धेला आले, किंवा खेळावरून आमचं काही बोलणं निघालं, की हिंदी. पट मध्ये असला की माझ्याशी मराठीत बोलायचं नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. कधी सांगितलं नाही, मी कधी विचारलं नाही. व्हरांड्यातले डावही बंद झाले. मंडळी यायची, चहा प्यायची, गप्पा मारून जायची. ग्रँडमास्टर हा किताब मला मिळाला तेव्हा मी परदेशात होते. तिथल्या एका बूथमधून मी शेजाऱ्यांच्या घरी फोन लावला, ते बाबांना बोलवायला गेले. चपलांचा आवाज आला, मग बाबांचा. मी सांगितलं, "बाबा, झालं." बाबा म्हणाले, "बहुत बहुत बधाई, बेटा. बहुत अच्छा किया."

मला रडू आलं. मी म्हटलं, "बाबा, मराठीत बोला ना आज तरी. इथं कोणाला समजणार आहे?"

"कोई न कोई तो समझता ही है, बेटा," बाबा म्हणाले. मग त्यांनी फोन आईकडे दिला.